पहिली रांग

औषधांच्या दुकानात बाईंना आपलाच आवाज ऐकू आला. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पुढे दोघीजणी उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने फोन दुसरीच्या कानाशी धरला होता. “नमस्कार. मी चौथी ब ची वर्गशिक्षिका बोलतेय,” फोन म्हणत होता, “वर्गाच्या फोटोत आपल्या मुलीचा चेहरा आला नाही, त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते.” पहिल्या क्षणी बाईंना वाटलं, आपणच बोलतोय की काय, त्यांनी चक्क ओठ मिटून घेतले. आवाज थांबला नाही. मग फोनवालीने बोटाने काहीतरी दाबलं आणि तेच वाक्य दीडपट वेगाने लावलं. दिलगिरी चिरकी झाली, भरभर धावायला लागली, आणि दोघी हसल्या. दुष्टपणाने नाही हसल्या. एखादं मांजर कपाटावरून घसरलं की हसतात, तशा. “रडतेय बघ,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “अगं, यांना असंच पाहिजे. तक्रार केल्याशिवाय जागचे हलत नाहीत.” त्या कोण, त्यांची मुलं कुठल्या शाळेत, बाईंना काही ठाऊक नव्हतं. एकाच माणसाला पाठवलेला पावणेदोन मिनिटांचा आवाज किती घरं फिरून या दुकानात पोचला असेल, याचा हिशेब करायला गेल्या आणि तो लागेना. त्यातही डोक्यात भलतंच काहीतरी आलं: आपण ‘व्यक्त’ म्हणताना ‘व्य’वर फार जोर देतो, मुलांना मात्र देऊ नका म्हणून सांगतो. दुकानदाराने विचारलं, काय देऊ. बोललं तर आवाज ओळखला जाईल. त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. किती पाकिटं, त्याने विचारलं. बाईंनी दोन बोटं दाखवली. सव्वीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेली बाई रक्तदाबाच्या गोळ्या मुक्यासारख्या घेऊन दुकानाची पायरी उतरली.

आवाजातच सांगा, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. लिहिलेलं अंगावर येतं, त्याचे कोणी फोटो काढून फिरवतं. आवाजात माणूस मऊ वाटतो. बाईंना ते पटलंही होतं. मुळात प्रकरण इतकं फुटकळ होतं की त्यात पटण्या-न पटण्यासारखं काय असणार? वर्गाचा फोटो. एक्केचाळीस मुलं, तीन रांगा. खेळाच्या सरांनी उंचीप्रमाणे उभी केली, छायाचित्रकाराने एक-दोन-तीन म्हटलं, संपलं. आठ दिवसांनी फोटो घरोघरी गेले आणि त्याच दुपारी मधल्या सुट्टीत पहिला निरोप आला: ‘नमस्कार मॅडम, एक छोटीशी शंका.’ बाईंना आता या ‘छोटीशी’ची धडकी भरते. त्या माणसाची मुलगी फोटोत होती आणि नव्हती. दुसऱ्या रांगेत, पुढच्या मुलाच्या डोक्यामागे, तिचा भांग आणि कानावरची एक पिन एवढंच दिसत होतं. उंची कमी असूनही तिला पहिल्या रांगेत का बसवलं नाही, असं वडिलांनी विचारलं होतं. बाईंनी लगेच उत्तर दिलं, नजरचुकीने राहिलं असेल, वाईट वाटलं. इथेच कानाला खडा लावायला हवा होता. ‘असेल म्हणजे?’ असा पुढचा निरोप आला. त्यानंतर ‘फोटो काढताना आपण नेमक्या कुठे उभ्या होतात?’ मग तोच फोटो, मुलीच्या भांगाभोवती लाल वर्तुळ काढलेला. ‘मुलीच्या आत्मविश्वासावर झालेल्या परिणामाची जबाबदारी कोणाची’. सकाळी पाच चाळीसला, दुपारी तास चालू असताना, रविवारी. भाषा मात्र कशी, तर साखरेत घोळलेली. ‘कृपया’, ‘सविनय’, ‘आपल्याबद्दल आदर ठेवूनच’. शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी त्या दाखवल्या तरी असत्या कुणाला. पण ‘सविनय’ दाखवून रडायचं कसं?

पुढे तो माणूस हे घेऊन पालकांच्या गटात गेला. तिथे साठ जण. एकीला दोन वर्षांपूर्वी हरवलेली पाण्याची बाटली आठवली, एकाला मुलाच्या वहीवर बाईंनी लिहिलेलं ‘अक्षर सुधार’ अपमानास्पद वाटलं, आणि आगीवर फुंकर घालायला पैसे कुठे पडतात? शाळेच्या पानावर एका दिवसात अकरा जणांनी पाचापैकी एक तारा दिला. त्यातल्या चौघांची मुलं या शाळेतच नव्हती. शेवटी शिक्षण कार्यालयाच्या संकेतस्थळावर रीतसर तक्रार, तिला क्रमांक, आणि सात दिवसांत विहित नमुन्यात खुलासा. बाईंनी खुलासा लिहिला: मी कोणत्याही विद्यार्थ्याला मागच्या रांगेत पाठवलेलं नाही. तो अपुरा ठरला. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा अपुरा. तिसऱ्यांदा त्यांनी तेच वाक्य लिहून खाली सही इतक्या जोराने केली की कागद फाटला. शिक्षकांच्या खोलीत त्या वडिलांचं नाव ‘पहिली रांग’ पडलं. फोन थरथरला की कोणीतरी म्हणायचं, “बघा, पहिली रांग आली,” आणि सगळे हसायचे. प्रत्येकाला मनातून वाटत असायचं, बरं झालं, आपली रांग नाही.

घरी आल्यावर बाईंनी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि दुकानातलं काहीच सांगितलं नाही. नवरा तीस वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त करून निवृत्त झालेला. त्याचा एकच उपाय होता, बंद करून ठेव तो फोन. आमच्या वेळी तार तुटली की लोक आठ-आठ दिवस सुखाने गप्प बसायचे, असं तो म्हणायचा. बंद कसा करणार? पालकांच्या निरोपाला दोन तासांत उत्तर द्यावं, असं शाळेचं परिपत्रक होतं. बाईंनी एकदा फोन बंद करून पाहिलाही, तर फोन कपाटात आणि थरथर यांच्या डाव्या मांडीत. तेव्हापासून त्यांना ती थरथर कधीही, कुठेही व्हायची; आंघोळ करतानासुद्धा. वह्या तपासताना त्यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं, कुणाला वाचता येऊ नये इतकं. ‘अक्षर सुधार’ लिहिणं त्यांनी सोडलंच, ‘छान’ही सोडलं, कारण याला छान आणि माझ्या मुलाला का नाही. नुसती बरोबरची खूण. पडलेल्या पोराला उचलायला त्या वाकायच्या आणि मध्येच हात थांबायचा. आता याचाही फोटो कुणी काढतंय का कुठून, अशी नजर खिडक्यांवरून फिरायची. आणि कुणी विचारलं, झालं काय एवढं, तर सांगायला एक भांग आणि एक पिन.

भांडणाला त्या कधी भ्यायल्या नव्हत्या. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली होती, पदर खोचून. “माझ्या पोराला कोंडून ठेवता होय?” अशी सुरुवात करून तिने पंधरा मिनिटं बाईंचा उद्धार केला होता, सगळ्या शाळेदेखत. बाईही गप्प बसल्या नव्हत्या. शब्दाने शब्द वाढला, दोघींचे आवाज चिरले, आणि मग कुणाला आधी रडू आलं ते आठवत नाही, पण दोघी त्या दाराच्या पायरीवर बसून रडल्या होत्या, आणि पोरगा मधोमध उभा राहून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. भांडण तिथेच संपलं. पुढची तीन वर्षं ती आई रस्त्यात भेटली की थांबायची. त्या भांडणाला तोंड तरी होतं, घामाचा वास होता, शेवट होता. आताच्या या भांडणाला पायरी कुठे आहे? बाई अंथरुणावर पडल्या आणि त्यांना वाटलं, एक माणूस आपल्याशी दोन महिने भांडतोय आणि आपण त्याचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. आपला आवाज मात्र त्याने वाटून टाकला.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला वर्ग रिकामा झाला आणि बाई फळा पुसत असताना ती मुलगी परत आली. बाटली राहिली, म्हणाली. बाटली तिच्या हातातच होती. नऊ वर्षांची, बारीक, वरचे दोन दात थोडे पुढे; वर्षभरात तिने आपण होऊन कधी हात वर केला नव्हता, आणि विचारलं तर उत्तर बहुधा बरोबर असायचं. ती पहिल्या बाकाला टेकून उभी राहिली आणि बाटलीचं झाकण फिरवू लागली.

“तुम्ही पप्पांना सॉरी म्हणालात ना? आमच्याकडे लावलं होतं. आत्यानं पण ऐकलं.”

बाई म्हणाल्या, हो, म्हटलं मी.

“मीच मागे गेले होते,” मुलगी म्हणाली. “सरांनी पुढेच बसवलेलं. मी जागा बदलली. आणि तीन म्हणाले ना, तेव्हा वाकले.”

बाईंच्या हातात डस्टर होतं. मूल एकदा बोलायला लागलं की मध्ये तोंड घालू नये, एवढं सव्वीस वर्षांत कळलं होतं. तुकड्यातुकड्यांनी ते बाहेर आलं. पप्पा फोटो सगळीकडे टाकतात. वाढदिवसाचा, झोपलेली असतानाचा, बक्षीस मिळालं नाही म्हणून रडतानाचा. मागे कुणीतरी त्याखाली तिच्या दातांबद्दल लिहिलं. मग पप्पा त्या माणसाशी चार दिवस भांडत बसले, तिकडून अजून लोक आले, त्यांनी अजून लिहिलं, आणि आईने पप्पांशी बोलणं टाकलं. तिने ते सगळं वाचलं होतं. तिला वाचता येतं, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं बहुतेक. “पप्पांना सांगू नका,” ती म्हणाली, “ते मला विचारत बसतील.” विचारत बसतील म्हणजे काय, ते बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाही सांगणार, त्या म्हणाल्या, इतक्या पटकन की आपणच म्हणालो का असं त्यांना वाटलं. मुलगी गेली. बाटली बाकावरच राहिली.

आणि मग बाईंना राग आला. इतका की त्यांनी डस्टर फळ्यावर आपटलं आणि खडूची धूळ नाकातोंडात गेली. दोन महिने. तीन खुलासे, अकरा तारे, औषधाच्या दुकानातलं ते हसू. आणि हे एवढं शेंबडं पोर वाकलं म्हणून! उत्तर हातात आलं तेच मुळी कुलूप लावून आलं. पोरीला तरी आधी बोलायला काय झालं होतं? पण तिने कुणाला सांगायचं होतं; वहीवर ‘छान’ लिहायलाही भिणाऱ्या बाईला? खोकत खोकत बाईंना एका बाजूने त्या पोरीच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटत होत्या आणि दुसऱ्या बाजूने तिला बाकाखाली लपवून वर आपण बसून राहावंसं वाटत होतं, कुणी विचारलं तर इथे कुणी नाही म्हणून सांगत.

शुक्रवारी अकरा वाजता मुख्याध्यापिकांच्या खोलीत बैठक होती. रस्ताभर बाई मनातल्या मनात त्या माणसाचा चेहरा बनवत गेल्या. जाड मान, तांबडे डोळे. खोलीत एक किरकोळ, नीटनेटका माणूस बसला होता. बाई आत आल्या तसा तो उठून उभा राहिला, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, नमस्कार मॅडम म्हणाला. आवाज चांगला होता. मांडीवर जाड फाइल, तिच्यातून रंगीत चिठ्ठ्या डोकावत होत्या, आणि टेबलावर फोन ठेवलेला. संभाषण नोंदवतोय, कुणाची हरकत नाही ना, असं त्याने विचारलं, आणि हरकत असल्यास काय होईल ते त्याने सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. मुख्याध्यापिका हात चोळत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना फक्त हे सगळं दुपारच्या आत संपायला हवं होतं. “वैयक्तिक काहीच नाही हां मॅडम,” वडील म्हणाले, “तुमच्याबद्दल आदरच आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे.” बाईंना एकदम हसू यायला लागलं आणि ते त्यांनी खोकल्यात घातलं. वैयक्तिक नाही. मग ही मांडीतली थरथर कुणाची, शिक्षण कार्यालयाची?

त्याने एकेक चिठ्ठी उलटायला सुरुवात केली. दिवस, वेळ, उत्तर, उत्तरातली विसंगती. मांडणी सुरेख होती. हा माणूस शिक्षक झाला असता तर चांगला झाला असता, असं बाईंच्या मनात आलं. तो बोलत होता तेव्हा त्यांना त्याच्या बोटांची नखं कुरतडलेली दिसली, अगदी मुळापर्यंत, आणि क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावं. राग म्हणून नाही. याला कळायला नको का, आपल्या घरात कोण राहतं ते? तेवढ्यात त्याने फाइल मिटली.

“मॅडम, एकच विचारतो. तुम्ही तिला पहिल्या रांगेतून मागे पाठवलंत की ती आपण होऊन गेली? आपण होऊन गेली असेल तर मी सगळं आत्ता, इथे मागे घेतो. घरी जाऊन तिलाच विचारतो.”

खोलीत पंखा फिरत होता. मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. सोपं होतं. तीनही खुलाशांत तेच लिहिलं होतं, मी कुणाला मागे पाठवलेलं नाही. फक्त ‘आपण होऊन गेली’ म्हणायचं. खरंही तेच. बाईंना वाटलं, आयुष्यात खरं बोलणं इतकं फायद्याचं पूर्वी कधी नव्हतं आणि पुढेही नसेल. ‘तिलाच विचारतो.’ त्या एका शब्दातला ‘च’ त्यांच्या कानात अडकून बसला.

“मी पाठवलं,” बाई म्हणाल्या. “पुढे जागा नव्हती. मीच तिला मागे जा म्हटलं.”

“पण खुलाशात तर तुम्ही...” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“खुलाशात खोटं लिहिलं.”

आपण हे बोलतोय ते फोनमध्ये उतरतंय, याची बाईंना पुरती जाणीव होती. वर्गात शुद्धलेखन घालताना बोलतात तितक्या सावकाश आणि स्पष्ट त्या बोलल्या. वडिलांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो गोंधळलाच. फाइलमध्ये अजून बऱ्याच चिठ्ठ्या शिल्लक होत्या, आणि त्यांचं आता काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

नवऱ्याला त्यांनी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, दुकानापासून. तो ऐकता ऐकता चष्मा पुसत होता. मग म्हणाला, खरं सांगायचंस ना. त्याने मागे घेतलं असतं सगळं. “त्यानं तिला विचारलं असतं,” बाई म्हणाल्या. मग काय, नवरा म्हणाला. बाप आहे, विचारेल. “मग त्यानं तिला विचारलं असतं,” बाई पुन्हा म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्यांना आपलं काही मोठेपण वगैरे वाटत नव्हतं. उलट स्वतःचाच वैताग आला होता. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना हे नसतं शहाणपण सांगितलं होतं कुणी? तीन दिवस त्या वर्गात त्या मुलीच्या बाकाकडे बघायचं टाळत राहिल्या. चौथ्या दिवशी वर्गच गेला. खोटा खुलासा दिल्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात झाली, चौथी ब नव्याने लागलेल्या एका तरुण शिक्षिकेकडे गेली, आणि बाईंना वरच्या मजल्यावरचं ग्रंथालय व गैरहजर शिक्षकांचे तास मिळाले. वडिलांचा निरोप आला: ‘आपण मोठ्या मनाने चूक मान्य केलीत. आपल्याबद्दलचा आदर वाढला.’ खाली जोडलेले दोन हात. बाईंनी तो निरोप नवऱ्याला दाखवला. तीस वर्षं खांबावर चढलेला तो शांत माणूस फोनकडे पाहत एक अशी शिवी हासडून मोकळा झाला की बाईंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

प्रकरण मिटलं म्हणावं तर तसंही नाही. तक्रारीची पूर्तता म्हणून वर्गाचा फोटो पुन्हा काढायचं ठरलं. त्या दिवशी बाई ग्रंथालयाच्या खिडकीशी पुस्तकांच्या पाठी चिकटवत होत्या. खाली मैदानात बाकं मांडली गेली, एक्केचाळीस मुलं ऊन डोळ्यांवर घेत उभी राहिली, आणि मुख्याध्यापिकांनी स्वतः हाताला धरून त्या मुलीला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. वडील छायाचित्रकाराच्या शेजारी उभे होते. एक, दोन, तीन. छायाचित्रकाराने पाहिलं आणि मान हलवली. मुलीचे डोळे मिटलेले. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा मिटलेले. दोनला उघडे असायचे, तीनला घट्ट बंद. पापण्या नुसत्या टेकलेल्या नाहीत, कपाळाला आठ्या पडेपर्यंत आवळलेल्या. पाचव्या वेळेपर्यंत मुलं चुळबुळायला लागली, कुणीतरी कुणाला ढकललं. डोळे उघडे ठेव ना बाळा, वडील गोड आवाजात म्हणाले. सहाव्या वेळीही तेच. मग ते तरुण शिक्षिकेकडे वळले, आणि वरच्या खिडकीतसुद्धा नीट ऐकू आलं, “मॅडम, मुलांना आधी काही सूचना दिल्या नव्हत्या का तुम्ही?” ती शिक्षिकाही मुलगीच म्हणायची, पंचवीस वर्षांची, तिचा चेहरा उतरला, आणि वडिलांचा हात खिशाकडे, फोनकडे गेला.

बाई जिना उतरून कधी खाली आल्या ते त्यांना कळलं नाही. बोटांना डिंक होता, त्याला कागदाचा कपटा चिकटला होता. बोलायचं काय, ते ठरलं नव्हतं. फक्त आता पुरे, एवढं एकच डोक्यात. त्या छायाचित्रकाराच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, शेवटचा काढलात तो दाखवा. त्याने दाखवला. एक्केचाळीस मुलं, आणि मध्यभागी ते आवळलेलं तोंड. आठ्या, बाहेर आलेले दोन दात, सगळं लख्ख.

“हाच ठेवा,” बाई म्हणाल्या.

“अहो मॅडम, डोळे मिटलेत तिचे,” वडील म्हणाले.

“तक्रार चेहऱ्याची होती. चेहरा आलाय, पहिल्या रांगेत आलाय. डोळ्यांचं त्या अर्जात काही नाही, मी तीनदा वाचलाय तो.” मग मुख्याध्यापिकांकडे वळून त्या म्हणाल्या, “मुलं अर्धा तास उन्हात आहेत. सोडायची का?”

मुख्याध्यापिकांनी एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा मुलांकडे, आणि कोण जाणे कुठून, त्यांना बळ आलं. सोडा, त्या म्हणाल्या. रांगा फुटल्या, आरडाओरडा झाला, बाकं कलंडली. मुलगी त्या गर्दीत कुठे गेली ते बाईंना दिसलं नाही, आणि त्यांनी शोधलंही नाही. त्या आपल्या जिना चढून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसला, आता संबंध उरला नसतानाही बाईंनी फोटोच्या कामात हस्तक्षेप केला, अशी नवीन तक्रार आली, नव्या क्रमांकाची, सात दिवसांत खुलासा मागणारी. तो खुलासा लिहायला बाईंनी सातवा दिवस उजाडू दिला. फोटो आठवड्याने घरोघरी गेले. पहिल्या रांगेत मधोमध ती मुलगी, डोळे गच्च मिटून बसलेली. वडिलांनी तो फोटो कुठेही टाकला नाही.